वरून वाढलेलं पाणी

गुढीपाडवा झाला की दुसऱ्या दिवशी आज्जी माळवदाखालचा मोठा रांजण वेशीजवळच्या लिंबाखाली नेऊन ठेवायला लावायची. खाली वाळू, भोवती ओलं पोतं, तोंडावर लाकडी झाकण आणि झाकणावर तांब्या. मृगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत रांजण तिथून हलायचा नाही. पहाटे बारवेतून दहा-बारा घागरी आणून तो भरायचा, हे तिचं व्रत होतं. बाजारला निघालेले, लग्नाच्या वऱ्हाडातले, मेंढरं घेऊन चाललेले धनगर, एखादा फकीर, कुणीही येवो. आकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लोक पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेली मातीची केळी दान देतात. आज्जी म्हणायची, आपली आकिती दोन महिने चालते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रांजणापाशी बसायचं काम माझ्याकडे असायचं. आठ-नऊ वर्षांची असेन. तिनं मला पाणी द्यायच्या दोन रीती शिकवल्या. बहुतेकांना तांब्या भरून हातात द्यायचा. वेशीपलीकडच्या वस्तीतलं कुणी आलं तर त्यांनी उकिडवं बसून ओंजळ धरायची आणि आपण उभं राहून वरून धार सोडायची. "वर धर. अजून वर." ओंजळीतून उडालेला थेंबसुद्धा तांब्याला लागू नये इतकं वर. धार न थरथरता नेमकी ओंजळीत पडायला हवी, हे जमायला मला दोन दिवस लागले. जमलं तेव्हा आज्जीनं पाठीवरून हात फिरवला होता. तो हात मला अजून पाठीवर जाणवतो, आणि आता त्याचा त्रास होतो.

त्याच लिंबाखाली, दुपारी वर्दळ थांबली की ती नाथांची, पैठणच्या संत एकनाथांची, गोष्ट सांगायची. काशीहून गंगेची कावड घेऊन निघालेले यात्रेकरू. रामेश्वराच्या पिंडीवर ते पाणी घालायचं, म्हणून महिनोन्महिने खांद्यावर वाहिलेलं. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडत पडलेलं. बाकीचे हळहळून पुढे निघाले. नाथ थांबले, वाकले आणि कावडीतलं पाणी गाढवाच्या तोंडात घातलं. माझा रामेश्वर इथंच पावला, म्हणाले. आज्जीचे डोळे दर वेळी भरून यायचे. मीही रडायचे. पाणी पाजायला नाथ वाकले होते आणि आम्ही तांब्या वर धरत होतो, हे तेव्हा आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. आज्जीचं दान खरं होतं. पहाटेच्या बारा घागरींनी तिची कंबर कायमची वाकवली. तिचा विटाळही तितकाच खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच देवघरातून आल्या होत्या. म्हणून कुणी म्हणतं की आपल्या परंपरेत पर्यावरण आहे, समता आहे, सगळं आधीपासूनच आहे, तेव्हा मला तो रांजण दिसतो. आहेच. पण कुणी किती उंचीवरून वाढायचं, हेही त्याच परंपरेत ठरलेलं आहे.

२०१६ च्या मार्चअखेर मी नाथषष्ठीला पैठणला गेले होते. दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. गोदेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त होती आणि तरी दिंड्या येतच होत्या. नाथांच्या वाड्यात तो रांजण दाखवतात, ज्यात श्रीखंड्याच्या रूपात देवानं बारा वर्षं पाणी भरलं अशी श्रद्धा आहे. षष्ठीच्या आधी भाविक नदीचं पाणी आणून तो भरतात. मी बराच वेळ तिथं उभी होते. आमच्याकडे देव पाणी भरतो. दुसऱ्याच्या घरी, नोकर होऊन, कावड खांद्यावर घेऊन. जनाबाई मूळची गंगाखेडची. तिच्या घरीही देव दळण दळतो, पाणी आणतो. मराठवाड्यातल्या देवाच्या अंगावर घट्टे असावेत, असं मला त्या दिवशी वाटलं. ज्या कामाला गावात मान नाही, तेच काम संतांनी देवाच्या अंगावर टाकलं. मला वाटतं, गावानं त्या कष्टाकडे नीट बघावं म्हणूनच टाकलं.

नाथांचा काळ १५३३ ते १५९९. याच नदीच्या तापलेल्या वाळूत आईपासून चुकलेलं एका अस्पृश्य बाईचं लेकरू त्यांनी कडेवर घेतलं, त्याच्या घरी नेऊन पोचवलं. श्राद्धाचं जेवण आधी भुकेल्यांना वाढलं म्हणून पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष घेतला, असंही त्यांच्या चरित्रात सांगतात. या गोष्टी आपण कीर्तनात करुणेच्या म्हणून ऐकतो. मला त्यांच्यात दुसरंही काही दिसू लागलं आहे. कावडीतलं पाणी मोजकंच असतं. रामेश्वराला द्यावं की गाढवाला, दोघांना पुरत नाही. नाथांनी पाणी कुणाला आधी, एवढाच प्रश्न सोडवला, आणि देवाला रांगेत मागे उभं केलं. धरणावरच्या बैठकीत, ग्रामसभेत, टँकरपाशी हाच प्रश्न असतो.

पैठणहून परतले ती लातुरात. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून प्रशासनानं जमावबंदी लावली होती. पाण्याच्या टाकीभोवती पाचजणांनी जमू नये, असा हुकूम मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वे पाणी घेऊन आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. लोकांनी गाडीला हार घातले. घरातले म्हातारे १९७२ ची आठवण काढायचे. तेव्हा खायला नव्हतं, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन लोकांनी खडी फोडली, पण विहिरीत हात-दोन हात पाणी होतं. आता दुकानात सगळं होतं आणि नळ कोरडे.

त्याच उन्हाळ्यात गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. दुष्काळ म्हणून सप्ताह मोडू नये, असं सगळ्यांचं मत पडलं आणि मलाही ते पटलं. अशा दिवसांत लोकांना एकत्र बसायला जागा हवी असते. वर्गणीतून रोज एक टँकर विकत आणायचे, पंगतीसाठी. शेवटच्या दिवशी काल्याच्या आधी महाराजांनी नेमकी गाढवाची गोष्ट घेतली. आवाज असा लागला होता की मांडवात सगळे गप्प. मी उठून मागे गेले, लेकराला पाणी हवं होतं म्हणून. मांडवाच्या कनातीमागे टँकर उभा होता आणि वस्तीतल्या सात-आठ बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हापसा आटला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "पंगत उठल्यावर बघू." लाउडस्पीकरवरून नाथ गाढवाला पाणी पाजत होते. त्या बायाही ते ऐकत होत्या. त्यांच्यातली एक डोळे पुसत होती.

मी काही बोलले नाही. लेकराला पाणी पाजलं आणि मांडवात येऊन बसले. पंगत उठल्यावर त्यांना पाणी मिळालं की नाही, हे मी बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या उन्हाळ्यात गावच्या शिवारात जो हिरवा पट्टा होता, त्यात आमचाही तीन एकर ऊस होता. भावानं बोअर साडेपाचशे फुटांवर नेलं होतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण. वरच्या मुरमात जेवढं मुरतं तेवढंच विहिरीला लागतं, म्हणून जुन्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांवर थांबायच्या. त्याखाली पाणी असतं ते खडकाच्या भेगांत, साठलेलं, भरून यायला फार काळ घेणारं. आमचा ऊस ते पाणी पीत होता आणि अर्ध्या मैलावरचा वस्तीतला हापसा रिकामा हलत होता. दोन्हींच्या तळाशी भेग एकच असावी. सप्ताहाच्या वर्गणीत आमच्या घरचा आकडा सगळ्यात मोठा होता आणि तो उसाच्याच बिलातून आला होता.

भावाला दोष देऊन मी मोकळी होणार नाही. ऊस हे आमच्याकडचं एकच पीक, ज्याला ठरल्या भावाची थोडीतरी खात्री असते. माझ्या लेकराची फी त्यातून गेली आहे. गावातले निम्मे लोक तेच करतात आणि उरलेल्या निम्म्यांपैकी कितीतरी जण दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडायला जातात.

बारव आमच्या गावाची शान. महादेवाच्या देवळाला लागून, चौफेर दगडी पायऱ्या. बारवेचं एक वैशिष्ट्य मला मोठेपणी कळलं. पाणी हवं असेल तर माणसाला पाण्यापर्यंत उतरावं लागतं. उतरताना किती पायऱ्या उघड्या पडल्या ते दिसतं, आणि चैत्रात पाय आपोआप आखडतो. पाडव्याच्या आधी गाळ काढायचा, पहिलं पाणी पिंडीवर घालायचं, बारवेत थुंकायचं नाही, चपला वर काढायच्या, या नेमांना कुणी जलव्यवस्थापन म्हणत नव्हतं. पण नेम होते तोवर पाणी टिकलं. बोअरला कुणी उतरत नाही. बटण दाबलं की पाणी वर येतं आणि खाली काय उरलं ते कुणालाच दिसत नाही.

इथवर मी लिहिलं असतं आणि थांबले असते तर तो बारवेवरचा छान लेख झाला असता. पण त्या पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या. वस्तीतल्या बाया वरच्या कट्ट्यापाशी घागर ठेवून थांबायच्या, कुणीतरी दया येऊन ओतेपर्यंत. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतलं, ते पाठ्यपुस्तकात आहे. आमच्या मराठवाड्यातली गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. १९३४ साली ते सहकाऱ्यांबरोबर वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचे दिवस. प्रवासाच्या धुळीनं माखलेले, म्हणून दारातल्या हौदावर हातपाय, तोंड धुतलं. मागून आरडाओरडा करत लोक आले, हौद बाटवला म्हणून. किल्ला बघू दिला तोही आत कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून शिपाई सोबत देऊन. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ओरडणारे मुसलमान होते. विटाळ धर्माच्या वेशी ओलांडून जातो, हे त्यांनी त्या हौदावर पाहिलं.

मग हापसा आला. त्याचीही गोष्ट मराठवाड्याची आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी कठीण खडकात बोअर घ्यायला सुरुवात केली आणि दिवसभर शंभर हातांनी हलवला तरी न मोडणारा पोलादी पंप घडवला. त्याला जालना पंपच म्हणतात. पुढे सोलापूरच्या मिशनमध्ये तो आणखी सुधारला आणि देशभर जो मार्क-टू हापसा गेला तो त्या सोलापुरी पंपावरून झाला. आमच्या वस्तीत हापसा बसला तेव्हा बायांची बारवेवरची वाट बघणं संपलं. हापशाला जात कळत नाही, खाली-वर करेल त्याला पाणी देतो. पण एक झालं. वस्तीला वेगळं पाणी मिळालं आणि बारव उघडी करायचा प्रश्नच गावानं मिटला असं धरलं. पायऱ्या तशाच राहिल्या. हापसा आटला त्या उन्हाळ्यात तो प्रश्न टँकरमागे येऊन बसला.

लातूर-धाराशिवकडे आमचा खरा सण येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, आंबिलाचं मडकं डोक्यावर न्यायचं आणि "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडायची. शब्दांचा अर्थ आम्हाला लागत नाही, कर्नाटक शेजारी आहे, तिकडून आले असावेत. रानात आलेल्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. वाटसरूला हाका मारमारून बोलावतात. मात्र या सणाचा जीव भज्जीत आहे. तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, भुईमूग, चाकवत, चिंच, हिरवी मिरची, सगळं ताकाच्या-बेसनाच्या कालवणात शिजतं, सोबत बाजरीचे उंडे. आज्जीच्या वेळी यातलं एकही जिन्नस विकत आणावं लागत नसे. ती भज्जी म्हणजे रानाचा हिशोब होता. ज्याच्या रानात दहा वाणं, त्याचीच भज्जी जमायची. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर चार महिन्यांत निघायची, तिला बोअर लागत नव्हतं.

अलीकडे आम्ही भज्जीचं सामान लातूरच्या मंडईतून पिशवीत घालून नेतो आणि उसाच्या फडाच्या बांधावर बसून खातो. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यानं विचारलं, उसावर आंबील शिंपडायची का. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या हंगामात त्यानं तीनातला एक एकर मोडून ज्वारी, हरभरा आणि कडेनं करडई पेरली. मी कितीदा पाण्याचं गणित मांडून सांगितलं होतं, त्याचा उपयोग झाला नव्हता. दोन एकर ऊस अजून उभा आहे.

येईल त्याला जेवू घालणाऱ्या जागा आमच्याकडे आणखीही आहेत. संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येऊन दळणाचं जातं फिरवायचं आणि ते पीठ बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंच्या, गोरगरिबांच्या भाकरीला जायचं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये कलेक्टर आणि हमाल एका पट्टीवर मांडी घालून बसतात. तिथं पोळी ओंजळ पुढे करून घेतात, पण घेणारे सगळेच खाली आणि वाढणाराही वाकलेला. नांदेडच्या त्या पंगतीत मला पहिल्यांदा आज्जीचा तांब्या आठवला आणि घास गिळवेना.

जायकवाडीच्या पाण्यासाठी आपण दरवर्षी वर नाशिक-नगरकडे बघतो. २००५ च्या कायद्यानं समन्यायी पाणीवाटप हा शब्द दिला, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आपली मागणी रास्त आहे. वरच्यांनी पाणी अडवावं आणि खालच्यांनी ओंजळ धरून बसावं, हे आपल्याला सहन होत नाही. नाथसागर असं नाव आपण त्या जलाशयाला दिलंय. मग कालव्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्याला, गावाच्या वेशीपलीकडच्याला आपण काय देतो, हे विचारायचा हक्क नाथांना आहे.

२०१७ मध्ये गावानं बारवेतला गाळ काढला. तरुण पोरं दोन्हीकडची होती. वस्तीतल्या पोरांनी भीमजयंतीच्या मिरवणुकीचा खर्च कमी करून त्यातून ट्रॅक्टरचं डिझेल घातलं. गाळात तळाशी फुटके परळ निघाले, एक पितळी तांब्या निघाला, चेपलेला. पाऊस झाल्यावर जलपूजनाचा नारळ कुणी फोडायचा यावर दोन रात्री पारावर वाद झाला. शेवटी नारळच आणायचा नाही असं ठरलं. कुणाच्या मनासारखं झालं नाही, पण त्या दिवशी सगळे पायऱ्या उतरले. त्यातल्या काहींच्या घरचे त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या कट्ट्याच्या खाली गेले नव्हते.

मावशी मात्र उतरल्या नाहीत. त्या आज्जीच्या रांजणावर रोज यायच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपून परतताना. मी ज्यांच्या ओंजळीत धार धरली त्या मला नावानिशी आठवतात त्यांतल्या त्या एकट्या उरल्यात. तेव्हा मी त्यांना नुसत्या नावानं हाक मारायचे, मी आठ वर्षांची आणि त्या तिशीच्या. गेल्या आकितीला त्यांच्या दारात गेले. त्यांनी बाज पुढे ओढली, "बस माय" म्हणाल्या. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली माठ. सुनेनं तांब्याभर पाणी आणून हातात दिलं. मी पिऊन घेतलं आणि लिंबाखालच्या रांजणाचं काढलं. बोलायचं ठरवून गेले होते ते शब्द काही आले नाहीत.

"तुझी आज्जी चांगली होती," मावशी म्हणाल्या. "उन्हाचं लई बरं वाटायचं. पाणी गारगार असायचं."

मग सून आत गेल्यावर, पदराचं टोक बोटाला गुंडाळत,

"पदर भिजायचा बघ. वरून पडायचं ना, समदं अंगावर उडायचं. वल्ल्या पदरानं घरापस्तोर जावं लागायचं."